गडाचा पहारा आणि घराचा पहारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी तरी चार शब्द बोलावेत अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ते काम चालक भगिनींनी माझ्याकडे दिले. विषय कोणता घ्यावा असे विचारताच दोघीतिघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही दिल्लीला राष्ट्रपती भवनासमोरचा पहारा बदलताना पाहून आलात ना, तेच सांगा. आणि आपल्या गडांवर असे काही होत होते का, तेही सांगा." पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यासाठी पुस्तके चाळावी लागली. आणि ती चाळता चाळता एक तिसराच प्रश्न मनात उभा राहिला. तो शेवटी तुमच्यापुढे ठेवणार आहे, म्हणून तोवर चहाकडे लक्ष देऊ नका!

आधी दिल्लीचे सांगते. राष्ट्रपती भवन हा काही किल्ला नव्हे. ल्युटेन्स साहेबाने व्हाइसरॉयसाठी बांधलेला तो तीनशे चाळीस खोल्यांचा वाडा, १९२९ साली पुरा झाला. त्या वाड्यासमोरच्या पटांगणात शनिवारी सकाळी पहारा बदलण्याचा सोहळा होतो. २०१२ साली तो सर्व लोकांना नीट पाहता यावा अशा तऱ्हेने पुढच्या अंगणात आणला गेला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्याला आणखी मोठे, नवे रूप दिले आहे. एका बाजूने लष्करी बँड वाजत येतो, पायदळाचे पथक पावलात पाऊल टाकीत येते, आणि मग राष्ट्रपतींचे अंगरक्षक घोड्यांवरून येतात. उंचेपुरे जवान, निळे-सोनेरी फेटे, थंडीच्या दिवसांत लाल लांब अंगरखे, गुडघ्यापर्यंतचे चकचकीत बूट, हातात भाले, भाल्यांच्या टोकाशी फडफडणाऱ्या लहानशा पताका. घोडे सारे तांबूस रंगाचे. फक्त तुतारीवाल्याचा घोडा पांढुरका. घोडे इतके शिकविलेले की माणसांनी त्यांच्याकडून शिस्त शिकावी.

हे पथक फार जुने आहे. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने काशीस ते उभे केले, तेव्हा त्यात निवडक पन्नास स्वार होते. १९४७ साली देशाबरोबर या पथकाचीही वाटणी झाली. दोन वाटे हिंदुस्थानला आणि एक वाटा पाकिस्तानला. व्हाइसरॉयची सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी कोणाकडे जावी याचा निकाल नाणे उडवून लागला असे सांगतात. बग्गी आपल्याकडे राहिली. आणि हे नुसते शोभेचे शिपाई नव्हेत हेही ध्यानात असू द्या. विमानातून छत्रीने उडी घेण्याचे शिक्षण त्यांना असते, आणि सियाचीनच्या बर्फातही त्यांनी काम केले आहे. आणखी एक गोष्ट तुम्हां सर्वांना आवडेल. २५ जानेवारी २०१५ रोजी याच राष्ट्रपती भवनात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना तिन्ही दलांची मानवंदना देण्यात आली, तेव्हा त्या पथकाचे नेतृत्व विंग कमांडर पूजा ठाकूर या स्त्रीने केले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री अधिकारी.

आता बँड आणि घोडे बाजूला ठेवून पाहिले तर त्या सोहळ्यात मुख्य गोष्ट काय होते? ती अगदी साधी आहे. नवा पहारेकरी येऊन जागेवर उभा राहतो, आणि मग जुना तेथून हलतो. आधी जुना गेला आणि मग नवा आला, असे कधीही होत नाही. एक क्षणसुद्धा जागा रिकामी राहता कामा नये, एवढ्यासाठी हे सगळे. जुने पथक नव्याला सलामी देते, नवे जुन्याला देते. लंडनला बकिंगहॅम राजवाड्यापुढे हाच विधी होतो, तेव्हा दोन्ही पथकांचे नायक एकमेकांजवळ येऊन हाताला हात लावतात. राजवाड्याच्या किल्ल्या सुपूर्द केल्याची ती खूण. विंडसरचा किल्ला तर जवळजवळ साडेनऊशे वर्षांचा, राजघराणे अजून तेथे राहते. तेथेही शिपाई गावातल्या रस्त्याने वाजतगाजत चढून किल्ल्यात जातात आणि पहारा बदलतो. त्यांच्या डोक्यावरच्या त्या काळ्या अस्वली टोप्या आपण चित्रांत पाहिल्याच आहेत. पण त्या टोपीखालचा शिपाई दोन तास उभा राहतो आणि मग त्याची पाळी बदलते. दोन तासांपेक्षा अधिक वेळ माणसाचे डोळे आणि पाय एकसारखे सावध राहत नाहीत, हे लष्कराने अनुभवाने ठरविलेले आहे. हे दोन तासांचे गणित मी तुम्हांला मुद्दाम सांगते आहे. पुढे त्याचे काम आहे.

लंडनच्या टॉवर नावाच्या जुन्या कोटात रात्री दहाच्या आधी दरवाजे बंद करण्याचा विधी होतो. सुमारे सातशे वर्षे हे चालले आहे. मुख्य रखवालदार हातात कंदील आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक दरवाजा बंद करीत येतो. वाटेत पहारेकरी त्याला अडवतो. कोण येत आहे? उत्तर येते, किल्ल्या. कोणाच्या किल्ल्या? राजाच्या किल्ल्या. मग तो म्हणतो, जा, सारे ठीक आहे. रोज रात्री तीच माणसे, तोच कंदील. तरी रोज विचारायचे, आणि रोज उत्तर द्यायचे. १९४० च्या डिसेंबरात बॉम्ब पडून रखवालदार आणि त्याचे सोबती धडाधड खाली पडले. उठले, कपडे झटकले आणि विधी पुरा केला. थोडा उशीर झाला म्हणून अधिकाऱ्याने राजाला पत्र लिहून क्षमा मागितली, असे सांगतात. २००७ साली या टॉवरच्या रखवालदारांत पहिली स्त्री, मॉयरा कॅमेरॉन, दाखल झाली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आपल्या गडांवर असे काही होते का?

बँड आणि अस्वली टोप्या नव्हत्या. पण दरवाजा होता, किल्ली होती, नगारा होता आणि शिस्त तर अशी होती की तिच्यापुढे कोणाचा मुलाहिजा नव्हता. रायगडावर गेलात तर सिंहासनाच्या चौथऱ्यासमोर नगारखाना दिसतो. ६ जून १६७४ रोजी, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, तेथे राज्याभिषेक झाला तो आपल्याला ठाऊक आहे. त्या सोहळ्याची वर्णने आपण आवडीने वाचतो. पण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशीही सूर्य मावळला आणि महादरवाजा बंद झाला, हे कोणी लिहून ठेवीत नाही. कारण ते रोजचे काम.

रोजचे काम किती कडक होते ते हिरकणीची कथा सांगते. ती बखरीतली नाही, लोकांच्या तोंडची आहे. तरी तिच्यात एक खरी गोष्ट आहे. सूर्यास्ताला दरवाजा बंद झाला म्हणजे तो दूध विकायला आलेल्या बाईसाठीही उघडत नसे. घरी तान्हे मूल आहे म्हणूनही नाही. आपण हिरकणीचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कथेतला दरवाजावरचा शिपाई कोणाला आठवतो का? त्यालाही घरी मूल असेल. तिचे रडे त्याला ऐकू येत असेल. तरी त्याने दरवाजा उघडला नाही, कारण आज एकीसाठी उघडलेला दरवाजा उद्या शत्रूच्या माणसासाठीही उघडेल, हे त्याला पढविलेले होते. आणि ती कड्यावरून उतरून गेल्यावर महाराजांनी काय केले? कथा सांगते की तेथे बुरूज बांधला. शौर्याला शाबासकी दिली, आणि जी फट सापडली ती बुजवली. ज्या वाटेने आई उतरू शकते त्या वाटेने शत्रू चढू शकतो.

हा विचार हवेतला नव्हता. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांची माणसे सिंहगडाचा कडाच चढून गेली. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठेक माणसांनिशी रात्री पन्हाळ्याचा कडा चढून तो गड घेतला. दोन्ही ठिकाणी दरवाजांवर पहारा होता. नव्हता तो कड्यावर, कारण इकडून कोण येणार, असा भरवसा. ज्याने दुसऱ्याच्या गडाची ही फट ओळखली, त्याने स्वतःच्या गडाची फट ठेवली नाही.

गडाचा कारभार कसा असे? सभासदाच्या बखरीत तो सांगितलेला आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे. सामानसुमानासाठी कारखानीस वेगळा. मोठ्या तटाचे भाग पाडून त्यांवर तटसरनौबत. दहा माणसांत एक नाईक. अधिकारी निरनिराळ्या जातींचे असत, म्हणजे सगळे एक होऊन गड कोणाच्या घशात घालण्याचा संभव कमी. एकाने दुसऱ्यावर विसंबून राहायचे नाही, पण एकाने दुसऱ्याशिवाय काही करायचेही नाही. गडाच्या अंगावर, निम्म्या चढावर, मेटे असत. आणि गडाच्या घेऱ्यातल्या गावांत महार, रामोशी, कोळी, बेरड अशी रानवाटांची खडान्खडा माहिती असलेली माणसे पहाऱ्याला असत. म्हणजे किल्ल्याचा पहारा दरवाजापाशी सुरू होत नसे. तो खाली घेऱ्यातल्या झोपडीपासून सुरू होई. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्या माणसांच्या डोळ्यांवर राजाची झोप अवलंबून होती.

आणि किल्ल्यांविषयी जुन्या कानुजाबत्यांत काय आहे ते ऐका. हवालदाराने संध्याकाळी दरवाजे बंद करावे आणि सकाळी उघडावे ते स्वतः. नीट लागला की नाही हे कडी ओढून पाहावे. आणि किल्ल्या अगदी विश्वासातल्या माणसाच्याही हाती देऊ नयेत. मैत्रिणींनो, कडी ओढून पाहणे! रात्री निजण्यापूर्वी आपण काय करतो? पुढचे दार, मागचे दार, गॅसचे बटण, मोरीचा नळ. अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उठून एकदा कडी ओढून येतो आणि घरातली मंडळी हसतात. आता कोणी हसले तर सांगा, ही शिवकालीन शिस्त आहे.

थट्टा नाही, आपल्याच जिल्ह्यातला पुरावा देते. १६७० च्या दशकात महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी घोडदळ तेथे ठेवलेले. दाणा-वैरण साठवलेली. महाराज लिहितात, त्याचा आशय असा: हिशेबाने वापरा, नाही तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्ही मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कोणाचे धान्य, कोणाचा भाजीपाला उचलाल, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर विशेषच आहे. वैरणीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. वैरण पेटली की सारे गेले. स्वराज्य उभे करणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो! तोफा, तलवारी, मोहिमा यांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. ही उंदराची गोष्टही सांगत जा. पहारा म्हणजे काय ते तिच्यात आहे. वाईट होण्याआधी, ते कोठून होईल याची आठवण ठेवणे.

पहारा कशाचा, यावर त्याचे पुण्य ठरते, हेही रत्नागिरीकरांनी पाहिले आहे. आपला थिबा राजवाडा घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी २९ नोव्हेंबर १८८५ रोजी मंडाले सोडायला लावले, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये त्याला राणी आणि मुलींसह रत्नागिरीस आणून ठेवले. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० साली त्याच्यासाठी पुरा झाला. तोही वाडाच, तेथेही दरवाजावर शिपाई, त्यांच्याही पाळ्या बदलत. पण हा पहारा राजाचे रक्षण करण्यासाठी नव्हता. राजाने बाहेर जाऊ नये म्हणून होता. त्याच्यावर देखरेखीला पोलीस अधिकारी नेमलेला असे. १९१६ च्या डिसेंबरात राजा येथेच वारला. १९१९ साली राणी सुपयालतला परत जाता आले, पण मंडालेला नव्हे, रंगूनला. थोरल्या राजकन्येचे मात्र राजवाड्याच्या दरवानाशी नाते जुळले. ती पुढे रत्नागिरीलाच परत आली आणि १९४७ साली येथेच वारली. तिची मुलगी टूटू येथल्याच मातीत वाढली, मराठी बोलली आणि येथल्याच संसारात म्हातारी झाली. राजाच्या समाधीचे दर्शन घ्यायला २०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले होते. एकाच पोशाखातला शिपाई, तीच बंदूक, तीच पाळी; एका ठिकाणी तो राखण करतो, दुसऱ्या ठिकाणी कोंडून ठेवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही, आणि आपण सासूच्या पदावर पोचलेल्यांनी तर जास्तच, हे ध्यानात ठेवावे की आपला पहारा यांतला कोणता.

आणि आपला रत्नदुर्ग? घोड्याच्या नालासारखा तो समुद्रात गेलेला डोंगर, बालेकिल्ल्यावर भगवतीचे देऊळ, पलीकडच्या टोकाला दीपगृह. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पहारेकरी उठले. पण दोन पहारे तेथे अजून चालू आहेत. एक दीपगृहाचा, आणि दुसरा देवीच्या पूजेचा. राज्ये बदलली तरी भगवतीपुढची वात कोणी तरी लावीत आले आहे. नवरात्रात आपण सगळ्या चढून जातो, तो त्याच पाळीतला आपला वाटा. शिमग्यात श्रीदेव भैरीच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, तीही आपण हात जोडून पाहतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत आपल्या जिल्ह्यातला हर्णैचा सुवर्णदुर्ग आहे. रायगड आहे, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. आनंदाची गोष्ट. पण मान मिळाल्याने पहारा होत नाही. तटावर पिंपळ रुजला तर तो लहान असताना कोण सांगणार? खाऊच्या पिशव्या कोण उचलणार? हवालदार, सबनीस आता येणार नाहीत. घेऱ्यातली माणसे तेवढी राहिली आहेत, आणि ती म्हणजे आपण.

आता मघाशी म्हटला तो तिसरा प्रश्न. आपल्या मंडळाचा पहारा कसा बदलतो?

आज व्यासपीठावर बसलेल्या भगिनींनी वर्षानुवर्षे हे मंडळ राखले. कपाटाची किल्ली, शिवणयंत्रे, वाचनालयाची पुस्तके, हळदीकुंकवाची भांडी, भिशीची वही. कोठे काय आहे हे त्यांना अंधारात सांगता येईल. पण त्यांच्या खेरीज दुसऱ्या कोणाला सांगता येईल का? तरुण मुली येत नाहीत अशी आपली तक्रार असते. त्या सकाळी नोकरीला जातात, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात. त्यांना आपण एकदम "आता सगळे तुम्ही सांभाळा" असे म्हणतो, आणि त्या घाबरून पळतात. कोणता शिपाई चोवीस तास उभा राहतो? दोन तासांची पाळी द्या, ती नक्की घेतील. एकीने वर्षभर फक्त वाचनालय, एकीने फक्त हिशेब, एकीने फक्त संक्रांत. आणि जबाबदारी देताना सर्वांसमोर द्या. भांडी मोजून, वही दाखवून, दोघींच्या सह्या घेऊन. त्यात अविश्वास नाही. गडावर तीन अधिकारी होते ते कोणी चोर होते म्हणून नव्हे. माणसावरचा भार वाटला जावा आणि उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून. नवी उभी राहीपर्यंत जुनीने हलायचे नाही. आणि ती उभी राहिली की जुनीने सलामी देऊन बाजूला व्हायचे. तिच्या मागे उभे राहून "असे नाही, तसे" म्हणायचे नाही. हे दुसरे अधिक कठीण, हे मलाही ठाऊक आहे!

आणि मंडळाच्या कपाटाहूनही महत्त्वाचे सांगून थांबते. आपल्या आळ्यांतून फिरून पाहा. किती घरांना कुलूप आहे? कोकणातली माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईला जात आली. आता पुण्याला, बंगलोरला, परदेशी जातात. जेथे कुलूप नाही तेथे पुष्कळ घरी एकटी बाई आहे. सत्तर वर्षांची, ऐंशी वर्षांची. मुलगा रोज फोन करतो, पैसे पाठवतो, त्याला दोष देण्यासारखे काही नाही. पण पावसाळ्यात रात्री वीज गेली, मोरीत पाय घसरला, तर फोन दुसऱ्या खोलीत राहतो. सकाळी दूधवाल्याने पिशवी अडकवली आणि ती दुपारपर्यंत तशीच लटकत राहिली, तर ती कोणी पाहायची? दरवाजाला कडी आहे, खिडकीला गज आहेत, चोराची भीती नाही. आणि कड्याची बाजू मात्र मोकळी. "इकडून काय होणार" असे जेथे आपण समजतो, तेथूनच संकट येते.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक आळीत एकट्या राहणाऱ्या भगिनींची एक यादी करावी, अर्थात त्यांना विचारून आणि त्यांची इच्छा असेल तरच. आठवड्याला दोघींनी पाळी घ्यावी. दोघी अशासाठी की एक आजारी पडली तर दुसरी असावी. सकाळी बाजाराला जाताना दारातून हाक मारायची, "काकू, उठलात का?" एवढेच. आत जाऊन बसायचे नाही, घरातल्या गोष्टी विचारायच्या नाहीत, त्यांच्या स्वयंपाकाची चौकशी करायची नाही. नाही तर तो थिबा राजवाड्याचा पहारा होईल. काकूंनी आतून "हो गं" म्हटले की संपले. आठवडा संपला की पुढच्या दोघींच्या घरी जाऊन तोंडी सांगायचे: अमक्या काकूंचा गुडघा दुखतो आहे, तमक्या मावशी मंगळवारी मुलाकडे गेल्या, बाकी ठीक. पुढच्या दोघींनी ते ऐकले, "कळले" म्हटले, की मगच आधीच्या मोकळ्या. मधे एकही दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही.

याला पैसे लागत नाहीत, ठराव लागत नाही, प्रमुख पाहुणा लागत नाही. बँड तर नाहीच नाही. कोणी पाहायला येणार नाही, कारण यात पाहण्यासारखे काही नाही. सकाळी दारात एक हाक आणि आतून एक उत्तर. टॉवरचा पहारेकरी सातशे वर्षे हेच विचारीत आला. कोण आहे, आणि सारे ठीक आहे ना.

आणि हेही सांगते, ही व्यवस्था आपण फक्त दुसऱ्यांसाठी करीत नाही. आज जी हाक मारील तिला पंधरा-वीस वर्षांनी हाक ऐकायची आहे. आज आपण पाळी सुरू केली, तर तेव्हा ती देणारी कोणी असेल.

चहाच्या वेळी दारापाशीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपली आळी आणि आपला सोयीचा आठवडा तिच्यात लिहावा. पहिल्या पानावर येत्या सोमवारपासूनच्या आठवड्यापुढे एक नाव मी माझे घातले आहे. शेजारची जागा रिकामी आहे.